ब्रह्मकमळ कोणाच्या पुण्याईने फुलतं?

॥ श्रीगुरवे नमः ॥



आषाढ लागला की आपल्या सगळ्या कुटुंब-गटांवर रात्री साडेदहा-अकरानंतर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. पांढरंशुभ्र ब्रह्मकमळ, शेजारी निरांजन, कुंडीला लावलेली हळद-कुंकवाची बोटं, आणि मागे घरातली मंडळी झोपाळलेल्या डोळ्यांनी उभी. अरेरा कॉलनीतून एक, कोलार रोडवरून दोन, मग इंदूर, नागपूर, पुणे. अमेरिकेतल्या ताईंचं फूल आपल्या सकाळच्या चहाला पोहोचतं. आनंद वाटतो बघून. जिना चढून शेजारी येतात, लेकरं जागी राहतात, कोणी दूध आटवतं. एरवी एकमेकांच्या घरी जायला आजकाल कोणाला सवड आहे?

पण फोटोच्या मागोमाग एक मजकूरही येतो. तोही सगळ्यांनी वाचला असेल. हे फूल बारा वर्षांतून एकदाच फुलतं, ज्या घरात पुण्यसंचय असतो तिथेच फुलतं, फुलताना बघणाऱ्याची इच्छा पूर्ण होते, आणि ज्या घरी झाड असून फूल येत नाही त्या घरात काहीतरी दोष आहे. मागच्या वर्षी या मजकुरावर कोणीतरी गुरुमाउलींचा फोटो लावला. तेव्हापासून तो आणखी जोरात फिरतो आहे. माउलींनी असं काही सांगितल्याचं आमच्यापैकी कोणीही, कोणत्याही प्रवचनात ऐकलेलं नाही, आणि आमच्यातल्या काहीजणी वीस-बावीस वर्षं प्रवचनं लिहून घेत आहेत.

एरवी असे मजकूर येतात आणि जातात. हा विषय या अंकात घेण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या गुरुवारच्या सत्संगातली एक भगिनी मागच्या श्रावणापासून यायची थांबली. लग्नाला नऊ वर्षं झाली, घरात मूल नाही. झाड आहे, चार वर्षांचं, पण फूल नाही. कोणीतरी तो मजकूर तिला वाचून दाखवला आणि वर म्हटलं, "बघ बाई, झाडाला सुद्धा कळतं." म्हणणारीच्या मनात कदाचित काही वाईट नसेल. पण असं वाक्य बोलणारा विसरून जातो, आणि ऐकणारा ते रोज स्वयंपाकघरात घेऊन फिरतो.

आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. तिने चहा केला, पोहे केले, आग्रह करून वाढले. झाड कुठे आहे विचारल्यावर आतल्या खोलीत घेऊन गेली. खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात भली मोठी कुंडी, रोज न चुकता घातलेलं पाणी, आणि झाड हिरवंगार, छताला टेकलेलं. इतक्या प्रेमाने वाढवलेलं झाड आम्ही फार कमी घरांत पाहिलं आहे. ती म्हणाली, "झाडाचं मला काही वाटत नाही हो. पण लोक घरी आले की आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे."

म्हणून प्रश्न सरळच विचारू या. झाड फुलतं ते कोणाच्या पुण्याईने?

आधी झाडाचीच ओळख करून घेऊ. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते कमळ नव्हे, ते निवडुंगाच्या कुळातलं झाड आहे. हो, निवडुंग. शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटालम. मूळ गाव दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या दमट जंगलात ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहतं, पण बांडगुळासारखं झाडाचा रस शोषत नाही. सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा आणि पावसाचं पाणी एवढ्यावर त्याचं भागतं. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो तेही पान नव्हे, ते चपटं झालेलं खोड आहे. म्हणूनच "पानातून फूल येतं" हा चमत्कार वाटतो. खोडातूनच येतं ते.

कळी आधी खाली लोंबते, फुलायच्या एक-दोन दिवस आधी मान वर उचलते. रात्री आठ-नऊला उमलायला सुरुवात, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण, पहाटे मलूल. हे सगळं रात्री का, तर त्याच्या जंगलात या फुलांकडे येणारे मोठे पतंग रात्री हिंडतात. पांढरा रंग अंधारात दिसावा आणि वास लांबवर जावा, ही त्यांच्यासाठीची सोय. आपल्या गच्चीवर ते पतंग येवोत न येवोत, झाड आपलं ठरलेलं करत राहतं.

बारा वर्षांचं म्हणाल तर, पान लावल्यापासून साधारण दोन-तीन वर्षांनी झाड फुलायला लागतं आणि नंतर एकाच पावसाळ्यात दोन-तीनदाही फुलू शकतं. कोवळं ऊन किंवा भरपूर उजेड लागतो. कुंडी थोडी तंग लागते, कारण मोठ्या कुंडीत ते मुळं आणि फांद्याच वाढवत बसतं. हिवाळ्यात पाणी कमी लागतं. त्या भगिनीच्या घरी अंधारी खोली, मोठी कुंडी आणि बारा महिने पाणी. एवढंच.

आणखी एक गोष्ट. हे झाड आपल्याकडे पानांनीच पसरलेलं आहे. कोणाच्या आत्याने पुण्याहून पान आणलं, तिच्याकडून नणंदेने, नणंदेकडून शेजारणीने. म्हणजे पुण्यातल्या वाड्यातलं, इंदूरच्या गच्चीतलं आणि आपल्या भोपाळच्या बाल्कनीतलं झाड हे बरेचदा एकाच झाडाचे तुकडे असतात. तेच झाड एका घरी पुण्यवान आणि दुसऱ्या घरी दोषी, हे कसं काय जमवायचं?

खरं ब्रह्मकमळ वेगळं, हेही सांगून टाकू. ते हिमालयात साधारण तीन हजार मीटरच्या वर उगवतं, शेवंतीच्या कुळातलं आहे, उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे आणि केदारनाथाला वाहतात. चारधामला गेलेल्यांनी बघितलं असेल.

हे कळल्यावर आमच्यातल्या एका काकूंना फार वाईट वाटलं. "म्हणजे इतकी वर्षं आपण मेक्सिकोच्या निवडुंगाची पूजा केली?" आम्ही म्हटलं, काकू, दसऱ्याला दाराला बांधता तो झेंडू कुठला? मेक्सिकोचाच. गजऱ्यातला निशिगंध? तोही मेक्सिकोचा. देवळाच्या अंगणातला पांढरा चाफासुद्धा तिकडच्याच बाजूचा. ही फुलं समुद्र ओलांडून आली आणि देवाने एकालाही परत पाठवलं नाही. नावाबद्दल आम्हाला तक्रार नाही. लाडाने मुलाला राजा म्हणतो तेव्हा त्याच्याकडे राज्य कुठे आहे असं कोणी विचारत नाही. फुलाला ब्रह्मकमळ म्हणा, ओवाळा, नैवेद्य दाखवा. नावाने कोणाचं मन दुखत नाही. दोषाच्या गोष्टीने दुखतं, आणि आमचा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

आपल्यातल्या एका ज्येष्ठ गुरुबंधूंचं मत वेगळं आहे, तेही इथे मांडायला हवं. ते म्हणाले, "श्रद्धेमुळे माणसं रात्री जमतात, हात जोडतात. तुम्ही पतंग आणि कुंडीच्या गोष्टी सांगून त्यावर पाणी का ओतता? चार लोकांना पुण्यवान वाटलं तर बिघडलं काय?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नुसती माहिती सांगून कोणाचं भलं होत नाही, आणि सगळ्या गोष्टी उकलून दाखवण्याची खोड चांगली नव्हे. पण त्यांना आम्ही एवढंच विचारलं की चार घरांना पुण्यवान म्हणताना पाचव्या घराला आपण काय म्हणतो? त्या मजकुरात पाचव्या घराचीही ओळ लिहिलेली आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मत बदललं असं म्हणाले नाहीत, पण पुढच्या वेळी ओळ गाळून पाठवीन म्हणाले. सध्या तेवढंही पुष्कळ आहे.

आता दुसऱ्या निवडुंगाकडे वळू, ज्याचा फोटो कोणी टाकत नाही.

या वैशाखात विदिशाच्या सत्संगाला आम्ही गाडी करून गेलो होतो. सांचीच्या अलीकडे रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण आहे, तिथे लोक उतरून फोटो काढतात, आम्हीही काढले. त्याच्या थोडं अलीकडे पाणी प्यायला थांबलो तर समोर शेताच्या कडेला नागफनीची, म्हणजे आपल्या फड्या निवडुंगाची, माणूसभर उंच कुंपणी. गहू निघून गेलेला, जमीन भेगाळलेली, बाभळीखेरीज हिरवं काही नाही, आणि त्या फड्यांच्या कडांवर पिवळीजर्द फुलं. एका फड्यावर सहा मोजली. पाकळ्या इतक्या पातळ की ऊन आरपार दिसत होतं. शेतकऱ्याचा मुलगा आला, त्याने काडीने फुलातल्या केसरांना हलकेच स्पर्श केला, तर केसर हळूहळू आत वळले. मधमाशी बसली की तिच्या अंगाला पराग लागावा म्हणून ते असे वळतात. आम्ही साठीकडे झुकलेल्या बायका, ते बघून लहान मुलींसारख्या ओरडलो. मग प्रत्येकीला ते करून बघायचं होतं.

मुलाचे वडील म्हणाले, "फूल देखो, पर फड़े को हाथ मत लगाना।" मोठे काटे दिसतात तरी, त्यांच्या बुडाशी जी बारीक कुसळं असतात ती बोटात गेली की दोन दिवस सलतात. कुंपणीने ढोरं शेतात शिरत नाहीत, असं ते सांगत होते. रोजडे उडी मारून येतात, ती गोष्ट निराळी.

त्या कुंपणीपाशी उभं राहून आमच्यात जे बोलणं झालं तेच खरं म्हणजे या लेखाचं मूळ. एकजण म्हणाली, हे फूल भर उन्हात, पाण्याविना, कोणी न बघता फुलतं आणि आपण ओवाळतो ते गच्चीवरचं, लाडावलेलं. दुसरी म्हणाली, हे सगळीकडे आहे ना, म्हणून. दुर्मीळ असतं तर याच्याही भोवती निरांजनं लागली असती. आपण फुलाला हात जोडतो की दुर्मीळपणाला? गाडीत विदिशापर्यंत हाच वाद चालला. भजन राहून गेलं.

दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत आणि या कुळाची एक खासियत आहे. खोडावर ठरावीक अंतराने लहान ठिपके असतात. फड्या निवडुंगावर ते अगदी स्पष्ट दिसतात. काटा त्या ठिपक्यातून येतो, आणि फूलही त्याच तऱ्हेच्या ठिपक्यातून. काट्यासाठी एक जागा आणि फुलासाठी दुसरी, अशी सोय झाडाने केलेली नाही. काटे म्हणजे बदललेली पानंच. पान असतं तर त्यातून पाणी उडून गेलं असतं. हवा घ्यायची सूक्ष्म छिद्रंसुद्धा हे झाड दिवसा मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडतं, म्हणजे वैशाखातला अख्खा दिवस ते श्वास धरून असतं. ब्रह्मकमळाला काटे जवळजवळ नसतात, कारण त्याच्या जंगलात सावली होती, पाऊस होता. त्याला काट्यांची तेवढी गरज पडली नाही.

हे वाचताना प्रत्येकीच्या डोळ्यापुढे आपापल्या घरातलं किंवा नात्यातलं एखादं काटेरी माणूस आलं असेल. आमच्याही आलं. फटकळ जाऊ, सगळ्यांना टोचून बोलणारे मामंजी, कोणाला जवळ येऊ न देणारी विधवा आत्या. त्यांना कोणतं ऊन लागलं याची चौकशी कोण करतं? सावलीत वाढलेला माणूस गोड बोलला तर आपण त्याच्या स्वभावाचं कौतुक करतो, आणि सावलीचं नाव कोणी घेत नाही.

अर्थात याचा अर्थ काटे टोचत नाहीत असा नव्हे. टोचतातच. शेतकऱ्याने सांगितलं तसं, फूल बघावं आणि हात जपावा. टोचून घेण्यातच मोठी साधना आहे असं काही लोक बायकांना सांगतात, ते आम्हाला पटत नाही.

या झाडाचा इतिहासही विचार करायला लावणारा आहे. तेही अमेरिकेचंच. ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग हवा होता, आणि तो रंग निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून मिळायचा. १७९५ साली ब्राझीलहून किडे आणले, ते निघाले भलत्याच जातीचे. रंग नीट मिळाला नाही, पण त्यांनी निवडुंगाची एक जात मात्र फस्त केली. ऑस्ट्रेलियात याच्या उलट. तिथे या झाडाने लाखो एकर जमीन व्यापली, शेवटी अर्जेंटिनाच्या एका पतंगाच्या अळ्या आणून ते आटोक्यात आणलं. क्वीन्सलँडमध्ये त्या पतंगाच्या स्मरणार्थ १९३६ साली लोकांनी सभागृह बांधलं! आणि आपल्या महाराष्ट्रात? दुष्काळात काटे जाळून हेच फडे गुरांपुढे टाकलेले आहेत. सोलापूरकडच्या भगिनींनी याची लालचुटुक बोंडं खाऊन लहानपणी ओठ रंगवलेले आहेत. एकच झाड कुठे शत्रू, कुठे कुंपण, कुठे चारा.

भोपाळकरांसाठी जवळची गोष्ट म्हणजे सीहोर जिल्ह्यात अमलाहा इथे, आपल्या इंदूर रस्त्यावर, इकार्डा या संस्थेचं संशोधन केंद्र आहे. तिथे बिनकाट्यांच्या निवडुंगावर काम चालतं, कोरड्या जमिनीत चारा मिळावा म्हणून. फार चांगलं काम. मात्र बिनकाट्यांच्या निवडुंगाला बाहेरून कुंपण घालावं लागतं, नाहीतर जनावरं तो वाढूच देत नाहीत.

घरात निवडुंग ठेवावा की नाही, हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला आहे. काटेरी झाड घरात अशुभ असतं, भांडणं होतात, असं म्हणतात. मग बेलाला काटे असतात, तो आपण महादेवाला वाहतो. धोत्र्याचं फळ काटेरी, तेही त्यालाच आवडतं. शमीला काटे, दसऱ्याला तिची पूजा. गुलाबाबद्दल तर बोलायलाच नको. आणि पुण्यातल्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे, तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम तिथे असतो. निवडुंगाच्या दाटीत मूर्ती सापडली म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. विठोबाला त्या काट्यांची अडचण वाटली नाही, त्याने नावातही ते ठेवून घेतले. (मराठीत निवडुंग म्हणतात त्यात दुधाळ चिकाचे प्रकारही येतात, ते कुळ वेगळं. पण काटे दोघांनाही.)

रांगतं मूल घरात असेल तर मात्र निवडुंग हाताशी ठेवू नका. अशुभ म्हणून नव्हे, डोळ्याला लागेल म्हणून. भांडणं झाडामुळे होत नाहीत. ती कशामुळे होतात हे प्रत्येक घराला ठाऊक असतं, आणि झाड बाहेर काढून ठेवणं सोपं असतं.

फूल तोडून देवापुढे ठेवावं की झाडावरच राहू द्यावं, यावरही दोन मतं आहेत. पहाटेपर्यंत ते तसंही मिटणार, मग बारा वाजता देवाच्या पायाशी गेलं तर काय वाईट, असं काहीजणी म्हणतात. आम्हाला जागीच ओवाळणं बरं वाटतं. शेजारचं नातवंड उशिरा उठून आलं तर त्याला निदान देठावरचं मिटलेलं फूल तरी दिसतं. ज्याने त्याने आपलं ठरवावं.

त्या भगिनीच्या घरी आम्ही पडदा बाजूला केला आणि कुंडी बाल्कनीत पूर्वेकडे हलवून ठेवली. चौघींनी उचलावी लागली. जाताना तिला म्हटलं, गुरुवारी ये. फुलाची वाट बघत बसू नकोस, हारांच्या सेवेला हात कमी पडतात. ती दोन गुरुवार आली, तिसऱ्या गुरुवारी आली नाही, मग पुन्हा आली. झाडाला अजून फूल नाही. या लेखात तिचं नाव नाही आणि गटावर कोणी ते विचारूही नये ही विनंती. ज्यांच्या लक्षात येईल त्यांनी तिला झाडाबद्दल काहीही विचारू नये, चांगलं सुद्धा.

आणखी एक विनंती. गुरुमाउलींचा फोटो लावलेला तो मजकूर आपल्या गटावर आला तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला सगळ्यांसमोर बोलू नका, वेगळा फोन करून सांगा. फोटो मात्र जरूर पाठवा, रात्री कितीही वाजता.

ज्यांना ब्रह्मकमळाचं पान हवं असेल त्यांच्यासाठी येत्या गुरुवारी आरतीनंतर पानं ठेवलेली असतील. घरी नेल्यावर तीन-चार दिवस सावलीत वाळू द्यायचं, कापलेली जागा सुकली की वाळू आणि शेणखत मिसळलेल्या मातीत दोन बोटं खोल खोचायचं, सुरुवातीला पाणी बेताचं. कुंडी लहानच घ्या. सांची रस्त्यावरच्या शेतकऱ्याने नागफनीचे तीन फडेही दिलेत, कागदात गुंडाळून ठेवले आहेत. एक पाळणाघर चालवणाऱ्या भगिनीने मागितला होता, तिला नको म्हटलं. उरलेले मागण्यासाठी अजून कोणाचा फोन आलेला नाही, तेव्हा ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांनी कळवावं. येताना जाड कापडी पिशवी आणावी.